डॉक्टर भाऊ दाजी लाड आणि एका गुन्ह्याचा अभ्यास

शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर उभे राहणारे विद्यार्थी हल्ली आपल्या शिक्षकांना एक नवा प्रश्न विचारू लागले आहेत. पुढे गुन्हेशास्त्र शिकावयाचे असेल, तर विद्यापीठात जाण्यापूर्वी कोणती तयारी करावी, हा तो प्रश्न होय. चोर कसा सापडतो, बोटाच्या एका ठशावरून तपास कसा लागतो, अशा गोष्टी वाचून आणि चित्रपट पाहून हे कुतूहल पुष्कळदा उत्पन्न होते. पालकांना मात्र या विषयाचे नाव ऐकताच थोडी धास्ती वाटते. कोवळ्या वयातील मुलांनी खून, चोरी, दरवडे यांचा विचार करावाच कशाला, असे त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. विद्यार्थ्यांच्या जिज्ञासेला दिशा दाखवील आणि पालकांची धास्ती दूर करील, असे एक चरित्र आपल्या मुंबईच्याच इतिहासात आहे. ते म्हणजे डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे.

भाऊ दाजींचे नाव आमच्या विद्यार्थ्यांना अपरिचित नाही. ठाकूरद्वार, गिरगाव, लालबाग, परळ या भागांतील शाळांच्या सहली भायखळ्याच्या राणीच्या बागेत जातात, तेव्हा बागेला लागून असलेल्या भव्य वस्तुसंग्रहालयाच्या दारावर हे नाव मुले वाचतात. १८७२ साली लोकांसाठी उघडलेल्या त्या संग्रहालयाला १९७५ साली भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. थोर वैद्य, प्राचीन लेखांचे वाचक, लोकांचे पुढारी अशी त्यांची कीर्ती आहे. परंतु या सर्व कीर्तीच्या आधी, मुंबईत विद्यापीठ स्थापन होण्याच्याही दहा वर्षे आधी, त्यांनी एका भयंकर गुन्ह्याचा अभ्यास करून त्यावर निबंध लिहिला होता, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात असते. इटालीतील राफाएले गारोफालो या न्यायपंडिताने गुन्हेशास्त्र हे नाव आपल्या ग्रंथाला दिले ते १८८५ साली. भाऊ दाजींचा निबंध १८४७ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या शास्त्राला अद्याप नावही मिळाले नव्हते, त्या शास्त्राच्या वाटेवर हा मुंबईचा तरुण चालू लागला होता.

भाऊ दाजींचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. त्यांचा जन्म १८२२ च्या सुमारास गोव्यातील पेडणे भागातील मांद्रे या गावच्या गौड सारस्वत घराण्यात झाला. घरची स्थिती बेताची होती. लहानपणी ते बुद्धिबळ उत्तम खेळत. असे सांगतात की, त्यांचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थास या मुलाच्या बुद्धीचे मोठे कौतुक वाटले आणि त्याला इंग्रजी शिक्षण द्यावे असे त्याने वडिलांना आग्रहाने सुचविले. मुलाचे पाय मुंबईकडे वळले आणि पुढे तो एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाला.

ती मुंबई आजच्या मुंबईहून निराळी होती. कोटाच्या आत व्यापार व सरकारी कचेऱ्या, आणि कोटाबाहेर उत्तरेला गिरगावच्या वाड्या व नारळीच्या बागा, असे तिचे स्वरूप होते. ज्यांचे नाव आज ठाकूरद्वाराच्या नाक्यावरून जाणाऱ्या रस्त्याला आहे, ते जगन्नाथ शंकरशेट याच गिरगावात राहत होते आणि लोकशिक्षणासाठी सढळ हाताने द्रव्य वेचीत होते. स्कॉटलंडहून आलेले मिशनरी डॉक्टर जॉन विल्सन यांनी १८३२ साली गिरगावातच इंग्रजी शाळा काढली होती आणि तिच्यातूनच पुढे विल्सन कॉलेज उदयास आले. एल्फिन्स्टन संस्थेत बाळशास्त्री जांभेकरांसारखा पंडित शिकवीत होता. अशा काळात व अशा वातावरणात भाऊ दाजींची बुद्धी फुलली. शिक्षण पुरे होताच त्याच संस्थेत त्यांना शिक्षकाची जागा मिळाली.

आता त्यांनी ज्या गुन्ह्याचा अभ्यास केला त्याकडे वळले पाहिजे. काठेवाड आणि कच्छ या प्रांतांत जाडेजा या राजपूत कुळाची सत्ता होती. नवानगर, राजकोट, गोंडल, मोरवी येथील राजे याच कुळातले. या शूर व मानी कुळात मुलगी जन्माला आली की तिला जगू न देण्याची चाल पडून गेली होती. तिकडे तिला दूधपीती असे नाव होते. ज्या दुधाने बालकाचे पोषण व्हावयाचे, त्याच दुधाच्या नावाने त्याचा अंत ओळखला जावा, याहून करुण गोष्ट ती कोणती! हा गुन्हा रात्रीच्या अंधारात होत नव्हता. घरच्या माणसांच्या संमतीने, दाईच्या हातून, चार भिंतींच्या आत तो घडत होता आणि गावात त्याची वाच्यता होत नव्हती. फिर्याद करणार कोण? साक्ष देणार कोण? ज्याच्यावर अन्याय झाला त्या जिवाला तर बोलताही येत नव्हते.

असा गुन्हा प्रथम उघडकीस आला तो दूर काशीकडे. तेथील रेसिडेंट जोनाथन डंकन यांना १७८९ साली राजकुमार नावाच्या राजपूत शाखेत ही चाल असल्याचे कळले. १७९५ साली बंगालच्या सरकारने अशा कृत्यास खून ठरविणारा नियम केला. त्याच साली डंकन मुंबईचे गव्हर्नर झाले आणि काठेवाडातील तोच प्रकार त्यांच्या नजरेस आला. बडोद्याचे रेसिडेंट कर्नल अलेक्झांडर वॉकर यांनी काठेवाडात जाऊन मोठ्या खटपटीने जाडेजा ठाकोरांची मने वळविली, आणि १८०८ साली आम्ही मुलींना मारणार नाही असा करार त्यांच्याकडून लिहून घेतला. दुसऱ्या वर्षी वॉकर पुन्हा तिकडे गेले, तेव्हा जगविलेल्या काही चिमुकल्या मुलींना त्यांच्या आईबापांनी त्यांच्यापुढे आणून त्यांच्या हाती दिले. त्या कठोर सैनिकाला त्या क्षणी किती धन्यता वाटली असेल!

डंकन १८११ साली मुंबईतच वारले. कोटातील सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये त्यांचे संगमरवरी स्मारक आहे. काशी व काठेवाड येथील बालहत्या नाहीशी झाली, अशा अर्थाचा लेख त्यावर कोरलेला आजही पाहावयास मिळतो. ज्यांनी तो कोरविला त्यांची भावना शुद्ध होती. तथापि दगडावर कोरल्याने गोष्ट खरी होत नाही. करार झाला, जाहीरनामे निघाले, पण जेव्हा जेव्हा कोणी जाडेजांच्या गावी मुलांची गणती करी, तेव्हा मुलगे पुष्कळ आणि मुली अगदी थोड्या, असेच आढळून येई. १८३४ च्या सुमारास पोलिटिकल एजंट विलोबी यांनी घरोघर शिरगणती सुरू केली. गुन्हा करणाऱ्यांकडून घेतलेल्या दंडाचा निधी उभारून, मुली जगविणाऱ्या गरीब जाडेजांना त्या मुलींच्या लग्नासाठी त्यातून साहाय्य देण्याची पद्धत चालू झाली होती. तरीही चाल समूळ जाईना. कायदा होता, शिक्षा होती, बक्षीसही होते. मग उणे कशाचे होते?

हा प्रश्न केवळ साहेबलोकांनी सोडविण्यासारखा नाही, एतद्देशीय लोकांनीही त्यावर विचार करावा, या हेतूने बालहत्येवरील उत्तम निबंधास सहाशे रुपयांचे पारितोषिक ठेवण्यात आले. त्या काळी सहाशे रुपये म्हणजे सामान्य कुटुंबाला कित्येक वर्षे पुरावी अशी रक्कम. शिक्षकी करता करता भाऊ दाजींनी हा विषय हाती घेतला आणि ते पारितोषिक मिळविले. त्या वेळी ते पंचविशीच्या आतबाहेर होते. कोणत्याही विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती, कारण पदवी देणारे विद्यापीठच मुंबईत नव्हते.

त्या विषयात खोल शिरावयाचे म्हणजे काय काय करावे लागत होते, हे विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावे. प्रथम, गुन्हा किती घडतो हे ठरविणे. सुरुवातीला जे अंदाज सांगितले गेले, ते एकमेकांशी मुळीच जुळत नव्हते. कोणी वर्षाला हजारो मुली मारल्या जातात असे सांगे, तर कोणी तो आकडा फारच उतरवी. ऐकीव आकडा हा पुरावा नव्हे. एका गावात पाच वर्षांच्या आतील मुलगे किती व मुली किती, हे प्रत्यक्ष मोजल्यावाचून सत्य कळत नाही. जो गुन्हा कोणी पाहिला नाही, त्याची साक्ष या मोजणीने दिली. जिवंत मुलींच्या संख्येवरून मेलेल्या मुलींचा ठाव लागला.

दुसरे, कारण शोधणे. हे लोक स्वभावानेच क्रूर आहेत, असे म्हणून मोकळे होणे फार सोपे होते. पण विचार करणाऱ्यास दिसून येई की, हेच जाडेजा आपल्या मुलग्यांवर जिवापाड प्रेम करीत. मग मुलीच्याच वाट्याला हे का? त्याचे मूळ विवाहाच्या रीतीत होते. जाडेजाची मुलगी जाडेजाच्या घरी देता येत नव्हती, कारण सारे एका कुळाचे. ती बाहेरच्या, आपल्या बरोबरीच्या किंवा वरच्या मानल्या गेलेल्या राजपूत कुळात द्यावयाची. तशी कुळे थोडी, मागण्या मोठ्या, आणि लग्नाचा खर्च बापाचे कंबरडे मोडणारा. मुलगी अविवाहित राहिली तर कुळाला बट्टा, आणि खालच्या घरी दिली तर मिशीला पीळ राहत नाही. जाडेजांच्या मुलग्यांना मात्र झाला, गोहेल, वाघेला अशा इतर कुळांतून वधू मिळत. त्यामुळे आपल्या मुली मारून आपल्याच घरात सुनांचा तोटा पडतो, असा अनुभव त्यांना येत नव्हता. कुलाभिमान, पैशाची ओढ आणि लोकलज्जा या तिघांनी मिळून हा गुन्हा घडविला होता. शास्त्राचा त्याला आधार नव्हता. भ्रूणहत्या हे महापातक होय, असेच शास्त्रकार सांगत आले होते.

तिसरे, उपाय सुचविणे. कारण कळले म्हणजे उपायाची वाटही दिसू लागते. खर्च हे कारण असेल तर लग्नखर्चाला आळा घातला पाहिजे. गुप्तता हे कारण असेल तर जन्ममृत्यूची नोंद झाली पाहिजे. आणि मुलगी म्हणजे केवळ भार ही समजूत मुळाशी असेल, तर ती समजूत शिक्षेने जाणार नाही, शिक्षणानेच जाईल. गुन्हा मोजावयाचा, त्याचे कारण शोधावयाचे आणि उपाय योजावयाचा, या तीन पायऱ्या आजच्या गुन्हेशास्त्राच्याही पायऱ्या आहेत. गुन्हेगाराला पकडणे हे पोलिसांचे काम. गुन्हा पुन्हा घडू नये म्हणून त्याचे मूळ खणून काढणे, हे अभ्यासकाचे काम.

या विषयावर पुढे डॉक्टर जॉन विल्सन यांनी सरकारी कागदपत्रांच्या आधारे एक मोठा ग्रंथ लिहिला. पश्चिम हिंदुस्थानातील बालहत्येच्या निर्मूलनाचा तो इतिहास १८५५ साली प्रसिद्ध झाला. गिरगावात शाळा चालविणारा परदेशी धर्मोपदेशक आणि गोव्याहून आलेला सारस्वत तरुण, दोघांचे धर्म निराळे, पण दोघांच्या लेखणीला एकाच वेदनेने चालना दिली. निरपराध बालकाच्या प्राणाची किंमत सर्व धर्मांत सारखीच आहे, हे यावरून दिसून येते.

निबंध लिहून व पारितोषिक घेऊन भाऊ दाजी थांबले असते, तर हे चरित्र येथेच संपले असते. पुष्कळ निबंधकारांचे असेच होते. निबंधातील विचार कागदावर राहतो आणि लेखक आपल्या उद्योगाला लागतो. भाऊ दाजींचे तसे झाले नाही. त्यांच्या पुढील सर्व आयुष्यावर या पहिल्या अभ्यासाची छाया पडलेली दिसते.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. भाऊ दाजींनी शिक्षकाची जागा सोडून त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांत नाव घातले. मिळत असलेला पगार टाकून, पुन्हा बाकावर बसून, नवी विद्या पहिल्या अक्षरापासून शिकणे हे सोपे नव्हे. तेथील शिक्षण पुरे करून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. १८५१ साली त्यांनी वैद्यकीस आरंभ केला आणि थोड्याच काळात त्यांचे नाव मुंबईभर झाले. श्रीमंतांकडून त्यांना भरपूर द्रव्य मिळे, पण गरिबांसाठी त्यांनी आपले बंधू डॉक्टर नारायण दाजी यांच्या साहाय्याने धर्मार्थ दवाखाना चालविला. त्या काळी कुष्ठरोग्याला लोक गुन्हेगाराप्रमाणे घराबाहेर काढीत. अशा रोग्यांना भाऊ दाजी जवळ घेत. आपल्या जुन्या वैद्यक ग्रंथांत सांगितलेल्या वनस्पतींचे गुण पारखून त्यांनी त्या रोगावर अनेक वर्षे प्रयोग केले. रोगी दोषी नसतो, रोगाला कारण असते आणि ते शोधले पाहिजे, ही दृष्टी त्यांच्या ठिकाणी होती. बालहत्येच्या विषयाने त्यांना जे शिकविले होते, तेच वैद्यकीने पक्के केले.

मुलींच्या शिक्षणाचे कार्य तर त्या निबंधाचे पुढचे प्रकरणच म्हणावे लागेल. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी ही मंडळी स्थापिली. पुढच्याच वर्षी तिच्या तरुणांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. कामधंदा सांभाळून, वेतन न घेता, ते त्या शाळांत शिकवीत. मुलगी शिकली तर घर बुडेल असे सांगणारे लोक त्यांना रस्त्यात अडवून बोलत. जगन्नाथ शंकरशेटांनी अशा शाळेसाठी आपल्या गिरगावच्या वाड्यात जागा दिली. भाऊ दाजी या सोसायटीचे पहिले एतद्देशीय अध्यक्ष झाले आणि मुलींच्या शाळांचा त्यांनी जन्मभर पाठपुरावा केला. त्यांच्या चाहत्यांनी पुढे त्यांचा गौरव करण्यासाठी निधी जमविला, तेव्हा तोही एका मुलींच्या शाळेच्या कामी लागला. ज्याने पहिला मोठा निबंध मारल्या जाणाऱ्या मुलींविषयी लिहिला, त्याचे नाव शिकणाऱ्या मुलींच्या शाळेला मिळावे, हा योग फार अर्थपूर्ण आहे.

सार्वजनिक कार्यातही ते मागे राहिले नाहीत. १८५२ साली बाँबे असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे व विलायतेतील पार्लमेंटपुढे अर्जाने मांडणे हे तिचे काम. तिच्या चिटणिसांपैकी भाऊ दाजी एक होते. ते शिक्षणमंडळाचे सभासद झाले, आणि १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या मूळच्या फेलोंमध्ये त्यांची नेमणूक झाली. ज्याला स्वतःला विद्यापीठाची पदवी घेता आली नाही, तो पदव्या देणाऱ्यांच्या पंक्तीला बसला.

१८६२ साली त्यांच्या सत्यनिष्ठेची कसोटी लागली. करसनदास मुळजी या गुजराती पत्रकाराने आपल्या पत्रात काही वैष्णव महाराजांच्या दुराचरणावर टीका केली होती. त्यावरून जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजार रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा मुंबईच्या सुप्रीम कोर्टात लावला. महाराजांचे अनुयायी श्रीमंत व संख्येने मोठे. त्यांच्याविरुद्ध साक्ष देणे म्हणजे जातीचा रोष आणि धंद्याचे नुकसान ओढवून घेणे होते. भाऊ दाजींना वैद्य या नात्याने काही गोष्टी ठाऊक होत्या. न्यायासनासमोर त्यांनी त्या न डगमगता सांगितल्या. डॉक्टर विल्सन यांनीही त्याच खटल्यात करसनदासांच्या बाजूने साक्ष दिली. १८६२ च्या एप्रिलमध्ये निकाल लागला आणि करसनदासांचा पक्ष खरा ठरला. बालहत्येच्या प्रकरणात अडचण हीच होती की, जाणणारे पुष्कळ आणि बोलणारा कोणी नाही. तशा प्रसंगी आपण स्वतः काय करावे, याचे उत्तर भाऊ दाजींनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून दिले.

याच काळात त्यांचे मन प्राचीन लेखांच्या शोधात रमले होते. योगायोग असा की, या शोधानेही त्यांना काठेवाडाकडेच नेले. जुनागडजवळ गिरनारच्या वाटेवरील प्रचंड शिळेवर रुद्रदामा व स्कंदगुप्त या राजांचे लेख कोरलेले आहेत. त्यांचे वाचन व भाषांतर त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे मांडले. जुनागडचा भगवानलाल इंद्रजी हा बुद्धिमान तरुण त्यांनी आपल्या हाताशी घेतला आणि तो पुढे स्वतः विश्वविख्यात संशोधक झाला. अजिंठ्याच्या लेण्यांतील लेखांवर आणि कालिदासाच्या काळावरही त्यांनी लिहिले. झिजलेल्या अक्षराचा ठसा घ्यावयाचा, तो दुसऱ्या ठशाशी ताडून पाहावयाचा आणि पुराव्याच्या पुढे एक पाऊलही टाकावयाचे नाही, ही शिस्त इतिहासाला लागते, वैद्यकीला लागते आणि गुन्ह्याच्या तपासालाही तितकीच लागते.

नशीब मात्र सदा अनुकूल राहिले नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहराला शेअरांचे वेड लागले. १८६५ साली तो फुगा फुटला, त्यात भाऊ दाजींची मोठी संपत्ती बुडाली. तथापि त्यांचा विद्याव्यासंग व लोकसेवा थांबली नाही. १८६९ साली आणि पुन्हा १८७१ साली ते मुंबईचे शेरीफ नेमले गेले. न्यायालयाचे हुकूम बजावण्याचे काम त्या काळी शेरीफच्या नावाने चाले. गुन्ह्याची कारणे शोधण्यापासून ज्याच्या लेखनाला आरंभ झाला, त्याच्याच नावाने शहरात न्यायाचे हुकूम बजावले जाऊ लागले. शेवटी पक्षाघाताने त्यांना अंथरुणाला खिळविले आणि १८७४ च्या मे महिन्यात, पन्नाशी नुकतीच ओलांडली असता, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

त्यांच्या हयातीतच, १८७० साली, हिंदुस्थान सरकारने स्त्री-बालहत्या बंद करण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. संशयित भागांत जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंद ठेवणे आणि लग्नखर्चाला मर्यादा घालणे, अशी तरतूद त्यात होती. शिक्षेच्या जोडीला कारणावरही घाव घातला पाहिजे, ही गोष्ट कायद्याने मान्य केली.

परंतु ही कथा केवळ काठेवाडची आणि केवळ गेल्या काळची, असे समजून कोणी निश्चिंत होऊ नये. आपल्या महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत दर हजार मुलग्यांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, तर २०११ च्या शिरगणतीत ८९४ च आढळल्या. मुलगी की मुलगा हे जन्मापूर्वी पाहण्याचे यंत्र हाती आले आणि दूधपीतीची चाल नव्या वेषात, शिकलेल्या घरांतही शिरली. ते थांबविण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली देशात पहिला कायदा केला, आणि १९९४ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला. म्हणजे भाऊ दाजींनी ज्या प्रश्नावर निबंध लिहिला, तो प्रश्न आपल्या पिढीपुढेही उभा आहे. कुळाचा मान आणि हुंड्याची धास्ती हीच त्याची मुळे अजूनही पुष्कळ ठिकाणी सापडतात. मोजणाऱ्यांनी मोजले नसते, तर हाही गुन्हा अदृश्यच राहिला असता.

आता विद्यार्थ्यांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. गुन्हेशास्त्राची रीतसर शिकवण आज आपल्या शहरात मिळते. अमेरिकन मराठी मिशनतर्फे आलेले डॉक्टर क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९३६ साली नागपाड्याच्या वस्तीत समाजकार्याचे विद्यालय सुरू केले. तेच पुढे देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्धीस आले, आणि गुन्हे व गुन्हेगारांची सुधारणा यांचा अभ्यास तेथे होऊ लागला. पण तेथे पोहोचण्यापूर्वीची तयारी शाळेच्या बाकावरच होते. गणित नीट शिका, कारण आकडा खरा की खोटा हे त्यावाचून कळत नाही. भाषा चांगली शिका, कारण ज्याचे दुःख समजून घ्यावयाचे, त्याची बोली आली पाहिजे. इतिहास व समाजशास्त्र शिका, कारण गुन्हा कोणत्या चालीरीतीतून उगवतो हे तेथे दिसते. विज्ञान शिका, म्हणजे पुरावा कशाला म्हणतात ते समजेल. या साऱ्यांच्या जोडीला अंतःकरण कोमल ठेवा. ते कठोर झाले तर गुन्हेशास्त्र म्हणजे केवळ चोरशिपायांच्या गोष्टी होऊन बसतील.

पालकांनाही एक नम्र विनंती आहे. आपल्या मुलाने किंवा मुलीने गुन्ह्यांविषयी प्रश्न विचारला, तर तो विषय आपल्या घरात नको, असे म्हणून तो दडपू नये. जे घर प्रश्न दडपते, त्याच घराच्या भिंतींआड अन्याय लपून राहतो. जाडेजांच्या वाड्यांत तेच झाले होते. मुलांना कारण विचारू द्यावे, आणि आपल्याच घरातील मुलीच्या व मुलाच्या ताटात, पुस्तकात व मोकळिकीत काही अंतर आहे काय, हे त्यांना निर्भयपणे पाहू द्यावे. गुन्हेशास्त्राचा पहिला धडा तेथेच आहे.

भायखळ्याच्या संग्रहालयात पुढच्या वेळी जाल, तेव्हा त्या नावापुढे क्षणभर थांबा. ज्या मुलींची नावे कोणी ठेवलीच नाहीत, त्यांचा विचार करण्यात या पुरुषाने आपल्या तारुण्याचे पहिले श्रम वेचले, हे आठवा, आणि मग आत पाऊल टाका.